ओटेलरोडेचे हेर ब्रान्डेस

हेर ब्रान्डेस, जर्मनमध्ये हेर म्हणजे श्रीयुत, पहिल्यांदा आमच्या दारात उभे राहिले ते हातात फॉइलचा एक बोळा घेऊन. बोळा माझाच होता. पोळ्या गुंडाळून ऑफिसात नेलेल्या डब्यातला, कांद्याच्या सालांबरोबर चुकून ओल्या कचऱ्यात गेलेला. वोल्फ्सबुर्गबाहेरच्या त्या खेड्यात राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. जर्मन शेजारी आणि कचरा या विषयावर पुरेसं ऐकून होते, त्यामुळे मी लगेच चेहरा पाडून माफी मागून मोकळी झाले. पण म्हातारा दारातून हलेना.

ते म्हणाले की ओल्या कचऱ्याचं खत होतं, खत शेतात जातं, नांगर त्यातल्या फॉइलचे तुकडे करतो आणि ते तुकडे मग त्यांना एकेक करून खणून काढावे लागतात. गेल्या शनिवारी त्यांनी असे चौदा खड्डे खणले होते. "तुमचा हा तुकडा मला तीन वर्षांनी सापडेल," ते अगदी शांतपणे म्हणाले. "तेव्हा मी त्र्याहत्तर वर्षांचा असेन आणि मला वाकायला त्रास होत असेल."

शेतातून फॉइल खणून काढणारा हा कोण माणूस, हे मला कळेना. सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, दार उघडत जाऊ नकोस. सुहास गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. त्यामुळे असेल, पण मला तो म्हातारा आवडला.

ते आमच्या खाली तळमजल्यावर एकटे राहत. आयुष्यभर टूलमेकर होते, साचे घडवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, वाळके, कान मोठे. दर शनिवारी सकाळी एक लांब दांड्याचं यंत्र, एक फावडं आणि एक थर्मास घेऊन निघायचे. यंत्र मेटल डिटेक्टर होतं. मला आधी वाटलं, निवृत्त माणसाचा छंद, कुणी मासे धरतं, कुणी टपाल तिकिटं जमवतं. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी त्यांच्याबरोबर जायला लागले ते खरं तर माझं जर्मन सुधारावं म्हणून. सुहास शनिवारी अकरापर्यंत झोपायचा, दुकानं एवढ्या लांब, आणि त्या खेड्यात माझ्याशी आपणहून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

छंद वगैरे काही नव्हता, हे पहिल्याच दिवशी कळलं. गावाबाहेर, हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक मोठं शेत होतं. मालक तिथे एक वर्ष मका लावायचा, एक वर्ष गहू. ब्रान्डेस अकरा वर्षं तेवढं एकच शेत तपासत होते. त्यांनी शेताचा मोठा नकाशा काढून त्यावर चौकोन पाडले होते आणि एकेक चौकोन हिवाळ्याच्या आधी आणि पेरणीच्या आधी, जेव्हा शेत मोकळं असेल तेव्हा, पायाखाली घालायचे. काही सापडलं नाही की चौकोनात पेन्सिलीने लिहायचे, 'काही नाही'. मी म्हटलं, रिकामा ठेवा ना, तेवढंच. तर म्हणाले, रिकामा म्हणजे मी पाहिलंच नाही. 'काही नाही' म्हणजे मी पाहिलं. त्या नकाशावर मी पाहिलं तेव्हा दोनशेच्या आसपास चौकोनांत 'काही नाही' लिहिलेलं होतं, सगळं एकाच वळणदार अक्षरात.

शोधत काय होते, तर एक गाव. ओटेलरोडे. एका मठाच्या जुन्या यादीत त्याचा एका ओळीत उल्लेख होता, एवढीच पाच-सहा घरं, आणि पुढच्या यादीत ते नाव नव्हतं. साथ आली असेल, दुष्काळ पडला असेल, माणसं उठून दुसरीकडे गेली असतील. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट. असं गाव होतं हे सगळ्यांना मान्य होतं. ते कुठे होतं हे कुणाला माहीत नव्हतं, आणि ब्रान्डेस सोडून कुणाला त्याचं काही पडलेलंही नव्हतं.

त्यांची शिस्त भयंकर. यंत्राची थाळी जमिनीपासून दोन बोटं वर, ना जास्त ना कमी. पाऊल अर्धंच टाकायचं. खणलेला खड्डा बुजवून वर पायाने दाबून ढेकूळ होतं तसं ठेवायचं. पँटच्या डाव्या खिशात कचरा, उजव्या खिशात सापडलेली वस्तू. डावा खिसा बाटल्यांची झाकणं, काडतुसांच्या नळ्या, खिळे आणि अर्थातच फॉइल यांनी भरून इतका झिजला होता की त्याला आतून चामड्याचं अस्तर लावलं होतं. उजवा खिसा दुकानातून आणल्यासारखा कोरा होता. मी पोळीभाजी फडक्यात बांधून न्यायला लागले, कारण फॉइल दिसलं की ते जेवायचे थांबत.

मला यंत्राला हात लावू देत नसत. आमच्या राज्यात यंत्र घेऊन शेतात फिरायला सरकारी परवाना लागतो. त्यासाठी शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम असतो, तो त्यांनी पूर्ण केला होता आणि परवान्याचं कार्ड छातीच्या खिशात प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. "परवाना माझ्या नावाचा आहे, फ्राउ साठे," ते मला, म्हणजे साठेबाईंना, म्हणायचे, "तुमच्याकडे फक्त फावडं." म्हणून मी फावडेवाली. तेवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना कधी एकेरी हाक मारली नाही, आणि मला वाटतं, दोघांनाही तेच बरं वाटत होतं.

एकदा यंत्र अशा काही आवाजात घुमलं की ते जागच्या जागी थिजले. मला म्हणाले, हलू नका. फावड्याने नाही, बोटांनी थोडी माती बाजूला केली, मग डोक्यावरची टोपी काढून त्या जागी ठेवली आणि मला माझ्याच पावलांच्या ठशांत पाय ठेवत मागे जायला लावलं. युद्धातला हातगोळा होता. पोलीस आले, मग बॉम्ब निकामी करणारं पथक आलं, रस्ता दोन तास बंद राहिला. ब्रान्डेस मात्र घरी येईपर्यंत चरफडत राहिले, कारण त्या लोकांनी बुटांनी एक्केचाळीस नंबरचा चौकोन तुडवला होता आणि तो आता पुन्हा पाहावा लागणार होता.

एवढं वेड का, हे मी बरेच दिवस विचारलं नाही. ते एकदा गावच्या जत्रेत आपोआप कळलं. इथे उन्हाळ्यात नेमबाजीचा उत्सव असतो, बँड, बिअर, सगळा गाव तंबूत. आमच्या टेबलाशी शेतमालक आला. साठीचा, लालबुंद, दिलखुलास माणूस. त्याने माझी चौकशी केली, मी भारतातून आले आहे हे ऐकून खूश झाला आणि ब्रान्डेसच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हासुद्धा आपला नाही बरं का. आमच्या तबेल्यावर राहायला आलेला निर्वासित." तंबूतले चार-पाच जण हसले. मनात काही वाईट नव्हतं कुणाच्या. ब्रान्डेसही हसले. पण मी हिशेब केला: हा माणूस तीन वर्षांचा असताना युद्धाच्या शेवटी आईबरोबर हातगाडीवरून इथे आला होता. त्यांचं जन्मगाव आता दुसऱ्या देशात, दुसऱ्या नावाने. इथे शाळा, नोकरी, लग्न, बायकोचं दफन, सगळं झालं होतं आणि सत्तर वर्षांनी ते अजून तबेल्यावरचेच होते.

घरी येताना ते आपणहून बोलले. म्हणाले, ह्या लोकांचं गाव यांना मी शोधून देणार आहे. मग शेताच्या बांधावर एक पाटी लागेल, इथे ओटेलरोडे होतं. पाटीवर माझं नाव नको. मला ते पटलं नाही. मी असते तर नाव मोठ्या अक्षरांत लावलं असतं.

मग शेतमालकाने शेत विकलं. त्यावर एक मोठं गोदाम होणार होतं, ट्रक लागतील, पन्नास माणसांना काम मिळेल. गावात आनंदच होता. ब्रान्डेस नकाशा आणि नांगरटीत वर आलेली, वेगळ्या पिशवीत जमवलेली मातीच्या भांड्यांची खापरं घेऊन जिल्ह्याच्या पुरातत्त्व खात्यात गेले. तिथल्या बाई, सगळे त्यांना फ्राउ डॉक्टर म्हणत, चांगल्या होत्या. परवान्याच्या अभ्यासक्रमात त्यांनीच ब्रान्डेसना शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, खापरं जुनी आहेत, पण जुन्या काळी शहरातलं शेणखत शेतांत टाकत, त्यातून खापरं कुठेही जातात. माणूस तिथे राहत होता असं दाखवणारं काही हवं. कपड्यावरची, अंगावरची एखादी वस्तू, जागेच्या नोंदीसकट. ती मिळाली तर बांधकामाआधी रीतसर उत्खनन करायला लावता येईल.

"मला एक उन्हाळा हवा आहे," ब्रान्डेस मला म्हणाले. "फक्त एक उन्हाळा त्यांनी नीट खणावं. नंतर हवी तेवढी गोदामं बांधू देत." त्यांना गोदाम थांबवायचं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते, गावातल्या लोकांना नंतर तसंच वाटत राहिलं.

त्या वर्षी मका निघाला ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पुढच्या वसंतात बांधकाम. म्हणजे हे शेवटचे काही शनिवार. आणि नेमकं तेव्हाच ब्रान्डेसचं खुब्याचं दुखणं एवढं वाढलं की त्यांना दहा पावलं टाकवेनात. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. शनिवारी आम्ही गेलो ते त्यांच्यासाठी घडीचं स्टूल घेऊन. बांधावर बसून त्यांनी पंधरा मिनिटं शेताकडे पाहिलं, मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले. मी म्हटलं, परवाना? तर म्हणाले, मी इथे बसलोय, तुमचा हात म्हणजे माझाच हात, जरा लांब. आयुष्यात त्यांनी मोडलेला तो बहुधा पहिलाच नियम.

दोन तास डाव्या खिशाचाच माल निघत होता. मग एक गोल, स्वच्छ आवाज आला. मी वीतभर खणलं आणि ढेकळातून हिरवी चकती निघाली, पाच रुपयांच्या नाण्याएवढी. तळहातावर घेऊन बांधाकडे धावत सुटले. हिरव्या कळंकाखाली निळा-पांढरा मुलामा दिसत होता आणि त्यात एक चेहरा. दोन मोठे गोल डोळे, डोक्यामागे वर्तुळ, खाली खांदे. लहान मुलाने काढावा तसा. ब्रान्डेसनी ती हातात घेतलीच नाही. त्यांनी टोपी काढली आणि बघत बसले. मी तोवर फोन काढून फोटो घेतला होता, माझा तळहात, मनगटात बांगड्या, त्यावर चकती आणि मागे शेत. मग पुन्हा जाऊन खड्ड्याजवळ धरून दुसरा घेतला. सुहासला पाठवायचा होता. ते म्हणाले, फोन नको. तोवर झालं होतं.

ती कपड्याला लावायची पिन होती, हजारएक वर्षांपूर्वीची, त्यावर एक संत. अशा पिना खेड्यातल्या बायका वापरत. त्यांनी ती मातीसकट प्लास्टिकच्या पिशवीत घातली, जागेचं अंतर पावलांनी मला मोजायला लावून चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी त्याच पिशवीत. सरकारी कचेरी सोमवारी उघडणार आणि सोमवारी सकाळी सातला यांना दवाखान्यात हजर व्हायचं होतं. मी म्हटलं, मी नेऊन देते. तर नाही म्हणाले. इतक्या वर्षांनी मिळालेलं ते त्यांना स्वतःच्या हाताने नेऊन द्यायचं होतं. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, तोवर तुमच्याकडे ठेवा, गार जागेत, आणि उघडू नका. मी ती पिशवी कोठीच्या खोलीत खालच्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागे ठेवली.

सासूबाई तेव्हा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट लिहायचा नाही, असं ठरवून हे लिहिते आहे, आणि त्याची गरजही नाही. परक्या घरात हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमत नसे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी ऑफिसात असताना, त्यांनी देवाची उपकरणी घासायला काढली. पोहे घ्यायला गेल्या तर मागे पिशवी, पिशवीत माती आणि मातीत हिरवा पडलेला गोल पत्रा, त्यावर डोळे वटारलेला देव. आमच्याकडे देव्हाऱ्यात चांदी-पितळेचे टाक असतात, पत्र्यावर कुलदैवताचं तोंड ठोकलेले. त्यांना वाटलं, टाक आहे. सुनेने कुठूनतरी आणून मातीत टाकून दिलेला.

संध्याकाळी मी आले तेव्हा देव्हारा लखलखत होता आणि अन्नपूर्णेशेजारी, हळदकुंकू लावून, एक फूल वाहून, ती चकती बसवलेली होती. सोन्यासारखी चकचकीत. निळा-पांढरा मुलामा गेला होता, डोळे गेले होते. चिंच, मीठ आणि काथ्या. जिथे चेहरा होता तिथे नुसते खळगे होते.

"आई, हे कशाला घासलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

"अगं, देव असा मातीत ठेवतात का?" त्या म्हणाल्या. "कुणाचा का असेना."

मग मी सांगितलं ते काय होतं. त्या पाटावर बसल्या त्या बसल्याच. माती कुठे आहे विचारलं, तर तुळशीच्या कुंडीत. पिशवी आणि कागद प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकले होते आणि ती उचलणारी गाडी दुपारीच येऊन गेली होती. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, मला त्यांच्याकडे घेऊन चल.

दवाखान्यात ब्रान्डेस उशीला टेकून बसले होते. मी रुमालातली चकती त्यांच्या पांघरुणावर ठेवली आणि सगळं सांगितलं. कारखान्यात बिघाड तपासावा तसे त्यांनी प्रश्न विचारले. कशाने घासलं, किती वेळ, चिंच म्हणजे काय. चिंच आंबट असते म्हटल्यावर म्हणाले, "हो. आम्ल." चिठ्ठीचं विचारलं आणि माझं उत्तर ऐकून डोळे मिटले. सासूबाईंनी हात जोडले आणि मराठीत म्हणाल्या, "भाऊ, माझ्या हातून पाप झालं." मी तेवढं भाषांतर केलं नाही, नुसतं 'माफ करा म्हणतात' म्हटलं.

त्यांनी डोळे उघडून विचारलं, हा लाल रंग कसला? मी सांगितलं, त्यांना वाटलं देव आहे, म्हणून पूजा केली.

"आल्झो, तर मग," ब्रान्डेस हळूहळू म्हणाले, "त्यांचं काही चुकलं नाही. तो संतच होता." सासूबाईंनी आणलेल्या शिऱ्याचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. शिरा खाल्ला की नाही मला माहीत नाही.

जानेवारीत ते काठी घेऊन चालायला लागले आणि मी त्यांना गाडीने जिल्हा कचेरीत घेऊन गेले. वाटेत मी म्हटलं, फोटो आहे. माझ्या फोनमध्ये आहे. माती, मुलामा, मागे शेत, त्यावर तारीख आणि जागा, सगळं आहे. फ्राउ डॉक्टरना दाखवते, प्रश्नच मिटेल.

"फोटोत हात कुणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

माझा होता. बांगड्यांसकट. परवाना नसताना शेतात खणणं हा दंडाचा गुन्हा. आणि मी उन्हाळ्यातच जर्मन नागरिकत्वाचा अर्ज भरला होता. त्या अर्जात मी लिहून सही केली होती की माझ्यावर कुठलाही खटला, कुठलीही चौकशी चालू नाही, आणि झाली तर ताबडतोब कळवीन. नागरिकत्वाचं खातं त्याच इमारतीत होतं, दुसऱ्या मजल्यावर. पुरातत्त्व तिसऱ्या. वरच्या मजल्यावर शिंकलं तर खाली ऐकू जाईल, अशी माझी खात्री होती. परदेशात कागदांवर जगणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

ब्रान्डेसनाही सांगावं लागलं नाही. त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. एका अर्जावर चुकीच्या ठिकाणी सही झाली म्हणून तिचा कागद अडला आणि मायलेकांना तबेल्यावर आणखी चार हिवाळे काढावे लागले. ती खिडकीत बसून रोज टपालाची वाट बघायची. "कागदाशी खेळायचं नाही," ते म्हणाले. "फोटो नाही. तुम्ही मला फक्त गाडीने आणलंत."

फ्राउ डॉक्टरनी चकती हातात घेतली, उलटसुलट केली आणि त्यांचा चेहरा उतरला. हे कुणी घासलं, त्यांनी विचारलं. ब्रान्डेस म्हणाले, मी. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल झाले. का घासलं, तर म्हणे बघायचं होतं. बाईंना ते खरं वाटलं नसावं, कारण त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, सापडली तेव्हा बरोबर कुणी होतं का?

"एकटा होतो," ब्रान्डेस म्हणाले.

माझ्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये फोन. मी पर्सची चेन बघत बसले. बाई म्हणाल्या, जागेची त्याच वेळी केलेली नोंद नाही, माती नाही, मुलामा नाही. अशी पिन कुठल्याही जुन्या बाजारात मिळते असं कुणी म्हटलं तर मी काय उत्तर देणार? तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण मला फायलीत लिहावं लागतं. आणि सापडलेली वस्तू जशीच्या तशी आणून द्यायची, हा मुख्य नियमच मोडल्यामुळे परवाना थांबवावा लागेल. ब्रान्डेसनी छातीच्या खिशातून कार्ड काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं, कडेला समांतर, सरळ. परत येताना गाडीत ते रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल बोलत होते.

एप्रिलच्या एका शुक्रवारी त्यांचा मला ऑफिसात फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. शेताला जाळीचं कुंपण पडून आठवडा झाला होता आणि ते रोज तिथे उभे असायचे. मी जेवणाच्या सुट्टीत गेले. खोदकामाच्या यंत्राने वरची काळी माती खरवडून काढली होती, खाली पिवळी चिकणमाती उघडी पडली होती आणि त्या पिवळ्यावर काळे गोल होते. ओळीने.

"मोजा," ते म्हणाले.

इकडच्या ओळीत सहा, समोरच्या ओळीत पाच.

"सहावा त्या चाकाखाली आहे. हे खांब कुजून झालेले गोल आहेत. आल्झो, हे घर. ही लांब भिंत, ते दार." त्यांनी जाळीत बोट घालून दाखवलं. "दार हायवेकडे होतं."

त्यांनी मुकादमाला सांगून पाहिलं होतं. त्याच्याकडे परवानगीचा कागद होता. सकाळी त्यांनी फ्राउ डॉक्टरनाही फोन केला होता. त्या म्हणाल्या, झाडांच्या मुळांचेही असे डाग पडतात. सोमवारी येऊन बघते. आणि कुंपणापलीकडे खडीचे ट्रक रांगेत उभे होते. त्या डागांचे फोटो मी काढले. चिखलावर काळे ठिपके, त्यापलीकडे त्यात काही दिसत नाही.

मी म्हटलं, हेर ब्रान्डेस, कचेरी अजून दोन तास उघडी आहे. मी आत्ता जाते आणि पिनेचा फोटो दाखवते. त्या आजच्या आज काम थांबवतील.

"तुमचा कागद आला?"

"जूनमध्ये बोलावलंय."

"मग नाही." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "ते गाव सातशे वर्षांपूर्वी उठलंय. त्याला आता आणखी कुठे जायचं नाही. तुम्हाला जायला लावतील."

खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मी ऑफिसात परत गेले. संध्याकाळी त्याच रस्त्याने येताना बघितलं तर खडी पडली होती आणि ब्रान्डेस घरी गेले होते.

जूनमध्ये मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन नागरिकत्वाचा कागद घेतला. देणारा कारकून तरुण आणि मोकळा होता. त्याने हात मिळवला, अभिनंदन केलं, कुठून आलात विचारलं. निघता निघता मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, समजा एखाद्या अर्जदाराने शेतात विनापरवाना खणलं आणि त्याला दंड झाला, तर? तो हसला. म्हणाला, दंड भरायचा आणि विसरून जायचं. चुकीच्या जागी गाडी लावल्यासारखंच आहे ते, आमच्या फायलीत येतही नाही. कुणी तुम्हाला घाबरवलं होतं का?

मी नाही म्हटलं. बाहेर जिना होता. वर तिसरा मजला होता, पण शेतावर तोवर काँक्रीट होऊन लोखंडी खांब उभे राहिले होते. मी खाली उतरले आणि गाडीत बराच वेळ बसून राहिले.

सहा वाजता बेल वाजली. दारात ब्रान्डेस, कोट, टाय, हातात सेक्टची, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनची, बाटली. ती इथे सणासुदीला उघडतात. सुहासने त्यांना खुर्ची दिली, पण ते म्हणाले, आधी कागद बघू. चष्मा लावून त्यांनी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला, नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मगाव, सही. मग उलटवून कोरी बाजूही पाहिली. त्यांना एवढं खूश मी त्या शेतातही कधी पाहिलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "आता तुम्हाला इथून कुणी उठवू शकत नाही." त्यांनी पेला उचलला आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, फ्राउ साठे. आपण बरोबर केलं."

मी म्हटलं, "गेनाऊ. अगदी बरोबर."

दोन दिवसांनी आम्ही महिन्याच्या सुट्टीवर पुण्याला गेलो आणि परत आलो तेव्हा तळमजल्याच्या दारावर दुसरं नाव होतं. झोपेत गेले, असं शेतमालकाने सांगितलं; गावातली पुष्कळ माणसं आली होती म्हणाला. त्यामुळे मला शेवटचे दिसले ते त्या संध्याकाळी जिन्यावर. नव्या खुब्यामुळे एकेक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून उतरत होते आणि हळू आवाजात कुठलंतरी गाणं गुणगुणत होते. कारकून काय म्हणाला ते सांगायला अजूनही वेळ होता. त्यांचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत मी वर उभी राहिले, आणि मग आत येऊन पेले विसळले.